आपल्याच खटल्यातले काझी

पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंकांच्या, वार्षिकांच्या आणि साहित्य संस्थांच्या कथा-कविता स्पर्धांची निवेदने येऊ लागतात. पूर्वी ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असत, आता मोबाईलवरही येतात. मजकूर मात्र ठरलेला. साहित्य स्वलिखित व अप्रकाशित असावे; नाव-पत्ता वेगळ्या कागदावर लिहावा; अंतिम तारखेनंतर आलेल्या साहित्याचा विचार होणार नाही; परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे आम्ही शिक्षक ही निवेदने आवडीने वाचतो, मधल्या सुट्टीत त्यांवर बोलतो आणि घंटा झाली की वर्गावर निघून जातो. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून सरकारी कागदोपत्री अहिल्यानगर) श्रीरामपूरपासून जामखेडपर्यंत आमच्या पेशातली अशी माणसे भेटतात, ज्यांच्या कपाटात कथा-कवितांच्या वह्या आहेत आणि त्या वह्यांना घराबाहेरचा वाचक अजून मिळालेला नाही.

विचारले तर उत्तर नम्र असते. "छे, आमचे लिखाण कसले! सहज काहीतरी खरडतो झालं." ऐकणाऱ्यालाही हे बोलणे आवडते, कारण नम्रता हा आपल्याकडे मोठा गुण मानला जातो, आणि तो आहेही. पण ही खरोखर नम्रता असते का, की नम्रतेचा सदरा घालून आलेली भीती? आणि भीती असेल, तर ती ज्याची त्याची खाजगी बाब म्हणून सोडून द्यावी, की तिचा इतरांशीही काही संबंध पोहोचतो? या दोन प्रश्नांचा विचार आपण येथे करू.

भीतीची पहिली तक्रार भाषेविषयी असते. आमच्या घरात दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात, कचेरीत, एस.टी.त मराठी. तिन्ही भाषा आमच्याच, परंतु लिहायला बसले की त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. उर्दूतला 'पानी' पुल्लिंगी आणि मराठीतले 'पाणी' नपुंसकलिंगी, त्यामुळे 'पाणी गरम झाला' असे सहज लिहिले जाते. 'किताब' स्त्रीलिंगी, 'पुस्तक' नपुंसकलिंगी. 'न' कोठे आणि 'ण' कोठे, 'ल' कोठे आणि 'ळ' कोठे, वेलांटी पहिली की दुसरी, असे शंभर प्रश्न. मराठी माध्यमात शिकलेल्यांनाही हे प्रश्न सुटलेले नसतात. पण त्यांची चूक ही नुसती चूक ठरते आणि आमची चूक आमच्या नावाला चिकटते, अशी एक धास्ती मनात असते.

याच्या उलटा प्रसंगही येतो आणि तो अधिक बोचतो. कोणी कौतुकाने म्हणतो, "तुम्ही मुसलमान असून किती छान मराठी बोलता!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या 'असून' या एका शब्दाने आपण या भाषेतले पाहुणे ठरतो.

वस्तुतः आपण येथले पाहुणे नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ साली 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत सिद्ध केला. ते संत तुकारामांचे समकालीन. मुसलमान घरात जन्मलेल्या माणसाने अध्यात्मावर मराठीत लिहावे, ही गोष्ट त्या काळात सोपी नव्हती. दोन्हीकडच्या भुवया उंचावणारी होती. अलीकडचेच पाहायचे तर १९९० साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषविले आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. वाट मळलेली आहे. तिच्यावर चालण्यासाठी कोणाची परवानगी काढायची गरज उरलेली नाही.

तरीही 'आधी भाषा शुद्ध होऊ दे, मग पाठवू' हा विचार सुटत नाही. तो सुटावा म्हणून एका मुलीचे उदाहरण घेऊ. १८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. हे नियतकालिक १८४२ साली आपल्या अहमदनगरातच सुरू झाले होते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले तेही येथेच, मिस फॅरार यांच्याकडे. ज्या समाजाला अक्षराजवळ फिरकू दिले जात नव्हते, त्या समाजातली, जेमतेम काही वर्षे शाळेत गेलेली ही मुलगी. भाषा परिपूर्ण होण्याची वाट तिने पाहिली असती तर मराठीतला एक मोलाचा निबंध आज आपल्या हाती नसता. लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे राहुरीत आणि नगरात गेली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना लिहायला-वाचायला लग्नानंतर पतीने शिकवले आणि त्यांची 'स्मृतिचित्रे' मराठी आत्मचरित्रांत आजही अग्रभागी मानली जातात.

शेजारच्या कर्नाटकातले उदाहरण तर आमच्या परिस्थितीला हुबेहूब लागू पडते. बानू मुश्ताक यांना आठव्या वर्षी शिवमोग्याच्या कन्नड शाळेत घातले, ते सहा महिन्यांत कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे या अटीवर. त्या कन्नडमध्ये लिहू लागल्या, मुस्लिम बायकांच्या आयुष्याविषयी लिहीत राहिल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांच्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला, अनुवादक दीपा भास्ती यांच्यासह, आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कथासंग्रहाला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ. घराबाहेरची भाषा जिद्दीने आपलीशी केली की ती किती दूर नेते, हे यावरून कळावे.

भीतीची दुसरी तक्रार जरा विद्वान असते. ती म्हणते, कलेत स्पर्धा कसली? कविता म्हणजे काय कुस्ती आहे? बोलणे ऐकायला छान आहे. पण उर्दू परंपरेत वाढलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही. आपल्याकडे तरही मुशायरा होत आला आहे. एक मिसरा दिला जातो आणि त्याच वजनात, त्याच काफिया-रदीफमध्ये सगळ्या शायरांनी गझल म्हणायची. ही स्पर्धा नाही तर दुसरे काय? शिवाय इस्लाहची परंपरा आहे. शागिर्दाने आपले शेर उस्तादांपुढे ठेवायचे आणि त्यांनी ते दुरुस्त करायचे. तरुण इक्बालांनी लाहोरहून आपल्या गझला टपालाने हैदराबादेस दाग देहलवींकडे इस्लाहसाठी पाठविल्या होत्या. इक्बालांना त्यात कमीपणा वाटला नाही. आपले लिखाण दुसऱ्याच्या नजरेखालून घालणे हा आपला जुना रिवाज आहे. उस्ताद घरोघरी मिळेनासे झाले, म्हणून परीक्षक आले, इतकेच.

आम्हा शिक्षकांना तर या गोष्टीचा अनुभव पेशातच मिळालेला आहे. बी.एड. करताना सराव पाठ द्यावे लागतात. समोर दुसऱ्याच शाळेतली मुले, मागच्या बाकावर निरीक्षक आणि शेजारी वही उघडून बसलेले सहाध्यायी. पाठ संपला की शेरे मिळतात. फलकलेखन सुधारावे. प्रश्न नेमके हवेत. वेळेचे नियोजन साधले नाही. पहिल्या पाठाला खडू हातात थरथरला नाही असा शिक्षक विरळाच. पण त्या शेऱ्यांतून गेल्यावाचून आमच्यापैकी कोणी शिक्षक झालेला नाही. ज्या माणसाने तीस अनोळखी मुलांसमोर आणि एका कडक निरीक्षकासमोर उभे राहून दाखविले, त्याला घरबसल्या चार पाने पाठविण्याचे धैर्य नाही असे कसे म्हणावे? धैर्य आहेच. ते या कामी अजून लावलेले नाही.

तिसरी शंका धर्मभीरू मनातून येते. नावासाठी, बक्षिसासाठी लिहिणे म्हणजे रिया, दिखावा नाही का? ही शंका खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. कोणत्याही कृतीचे मोल नीयत पाहून ठरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र नीयत तपासायची तर दोन्ही बाजूंनी तपासली पाहिजे. पाठविण्यामागे दिखावा असू शकतो, तसा तो न पाठविण्यामागेही असू शकतो. 'आम्ही लिहितो, पण स्पर्धाबिर्धांत पाठवीत नाही' या वाक्यातही एक रुबाब आहे.

आणि येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. वही कपाटात ठेवणारा माणूस म्हणतो, माझे लिखाण लोकांपुढे नेण्याच्या लायकीचे नाही. हा निकाल दिला कोणी? त्यानेच. आरोपी तोच, वकील तोच, साक्षीदार तोच आणि काझीही तोच. शरीयत घ्या की आपले जिल्हा न्यायालय घ्या, स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायासनावर बसायची मुभा कोठेही नाही. निकाल स्वतःच्या बाजूने दिला तर आपण त्याला अहंकार म्हणतो. मग स्वतःच्या विरुद्ध दिला तर त्याला नम्रता का म्हणायचे? दोन्ही वेळा खुर्ची तर आपणच बळकावलेली असते. जो म्हणतो, 'माझ्या लिखाणाचे मोल मला ठरविता येणार नाही, तुम्ही पाहा आणि सांगा,' तो खरा नम्र. या दृष्टीने पाहिले तर स्पर्धेत भाग घेणे ही नम्रतेची कृती आहे.

याचा अर्थ जे जे लिहिले ते ते पाठवावे असा नाही. आईच्या निधनानंतर रात्री लिहिलेली चार पाने, रोजनिशीतली एखादी दुखरी नोंद, हे ज्याचे त्याच्यापाशी राहावे. परंतु जे लिहिताना मनात कोणीतरी वाचणारा होता, ज्याचे वाक्य आपण तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिले, ते लिखाण वाचकासाठीच झालेले असते. त्याला वाचकापर्यंत न पोहोचविणे म्हणजे पत्र लिहून त्यावर पत्ता न घालणे.

आता त्या 'असून'कडे पुन्हा वळू. स्पर्धेच्या नियमांतला एक नियम आपण घाईत वाचून सोडून देतो. नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर लिहावा. म्हणजे परीक्षकाच्या हाती जाते ती फक्त कथा. तिच्या डोक्यावर शेख नसतो, पठाण नसतो, तांबोळी नसतो. जेथे हा नियम मनापासून पाळला जातो तेथे नावामुळे गुण कापले जाण्याची भीती नाही आणि नावामुळे पाठीवर थाप मिळण्याचीही सोय नाही. दया नको आणि दुजाभाव नको असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. ती मागणी ज्या थोड्या जागी पुरी होते, त्यांतली ही एक जागा आहे. तेथे जायला आपणच कचरलो, तर आपल्या मागणीला वजन कोठून येणार?

एक भीती मात्र बाहेरच्या परीक्षकाची नसते, आपल्याच मोहल्ल्याची असते. घरातले धुणे चव्हाट्यावर का धुता, असे लोक विचारतील. ही भीती निराधार नाही. शिक्षकाला तर गावात राहायचे असते, त्याच पालकांना रोज भेटायचे असते. येथे सबुरी हवी, कोणा घराची ओळख पटणार नाही याची काळजी हवी. पण गप्प राहण्याचीही एक किंमत असते. आपण लिहिले नाही तर आपल्याविषयी कोणी लिहायचे थांबत नाही. सिनेमातला मुसलमान एक तर शेरवानी घालून शेर म्हणतो, नाहीतर पोलिसांच्या यादीत असतो. आमच्या वर्गातला जो मुलगा शाळा सुटल्यावर गॅरेजवर जातो आणि ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांनी गृहपाठ करतो, गणितात पहिली येणारी जी मुलगी पुढचा वर्ग गावात नाही म्हणून घरी बसते, त्यांची नोंद त्या सिनेमात नसते. ती नोंद ज्यांनी रोज हजेरी घेतली त्यांच्यापाशी आहे. हमीद दलवाईंच्या सामाजिक मतांशी कोणी सहमत असो वा नसो, 'लाट' (१९६१) मधील कथा आणि 'इंधन' (१९६५) ही कादंबरी यांमुळे कोकणातला मुसलमान गाव मराठी वाचकाला आतून दिसला, हे मान्य करावे लागते. अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' दिले, तेव्हा तेही आपल्या माणसांचे दुःख उघड्यावर मांडत होते. त्या मांडण्याने माणसे लहान झाली नाहीत, कळली.

भीती ही खाजगी बाब आहे का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे अर्धे मिळते. उरलेले अर्धे वर्गात मिळते. आम्ही मुलांना निबंध स्पर्धेत बसवतो, वक्तृत्वाला उभे करतो, बैतबाजीच्या संघात घेतो. मंचावर जायच्या आधी ज्या मुलीचे ओठ कोरडे पडलेले असतात तिला आम्ही सांगतो, "बेटा, डरना नहीं, नंबर आला नाही तरी चालेल, बोलून ये." हे वाक्य फार चांगले आहे. पण ते उपदेश म्हणून सांगितले तर मुले ऐकून सोडून देतात, आणि सांगणाऱ्यानेही कोठे तरी आपले पान पाठविले आहे, त्याचाही नंबर आलेला नाही आणि तरी तो हसत वर्गात आला आहे हे त्यांना दिसले, तर ते त्यांच्या मनात राहते. हरलेला शिक्षक मुलांना पाहायला मिळणे ही शिक्षणातली मोठी गोष्ट आहे. नेहमी निकाल देणाऱ्याच्याच खुर्चीत बसलेला शिक्षक त्यांनी रोज पाहिलेला असतोच.

आणि नंबर न येण्याची शक्यताच अधिक असते, हे आधीच समजून घेतलेले बरे. पाच-पन्नास कथांतून तीन निवडल्या जातात, दोघा-तिघांना उत्तेजनार्थ, बाकीच्यांना बहुधा पोचही मिळत नाही. जिंकल्याच्या गोष्टी तेवढ्या लोकांच्या लक्षात राहतात. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरेने कविता म्हटल्या आणि अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' म्हटले. पुढे तो नगरात रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिला. अशी दाद पहिल्याच उभे राहण्यात थोड्यांना मिळते. दुसरीकडे मिर्झा गालिब पाहा. दिल्लीच्या दरबारात बादशहाचे उस्ताद होण्याचा मान जौकना होता. १८५४ मध्ये जौक वारल्यानंतर तो गालिबांकडे आला. त्या मधल्या वर्षांत गालिबांची शायरी कमी प्रतीची होती असे आज कोण म्हणेल? परीक्षकाचा निकाल हा एका माणसाने एका बैठकीत दिलेला अभिप्राय असतो. तो ऐकावा, त्यातून शिकण्यासारखे असेल ते घ्यावे आणि पुढची कथा लिहायला बसावे. लिखाणावरचा तो अखेरचा शब्द नसतो आणि माणसावरचा तर नसतोच नसतो.

नगरच्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मुसलमानाने भुईकोट किल्ल्याकडे पाहताना एक गोष्ट आठवावी. ऑगस्ट १९४२ ते एप्रिल १९४५ मौलाना अबुल कलाम आझाद त्या किल्ल्यात कैदेत होते. तेथे त्यांनी नवाब सद्र यार जंग, म्हणजे मौलाना हबीबुर्रहमान खाँ शेरवानी, या आपल्या मित्राला उर्दूत पत्रे लिहिली. ती पाठविता येणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, शेवटची भेटही झाली नाही. तरी मौलाना लिहीत राहिले; चहाविषयी, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांविषयी, संगीताविषयी. सुटकेनंतर १९४६ साली ती पत्रे 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्याचा एक नमुना म्हणून ती आजही वाचली जातात. त्यांच्यासमोरचा दरवाजा इंग्रज सरकारने बंद केला होता. तो उघडताच त्यांनी लिखाण जगापुढे येऊ दिले. आमच्या दारावर असा कोणाचाही पहारा नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, फार मोठा निश्चय करण्याची गरज नाही. एक कथा निवडावी. मराठीच्या एखाद्या सहकाऱ्याला विश्वासाने दाखवून वेलांट्या-उकार तपासून घ्यावेत. तीही इस्लाहच आहे. मोबाईलवर टंकलेखन जमत नसेल तर वर्गातल्या एखाद्या मुलाला बसवावे, तो दहा मिनिटांत शिकवील. नाव वेगळ्या कागदावर लिहावे, बिस्मिल्लाह म्हणावे आणि अखेरच्या तारखेच्या चार दिवस आधी पाठवून द्यावे. त्यानंतर निकाल काय लागतो ते पाहण्याचे काम दुसऱ्यांचे. आपण तोवर दुसरी कथा लिहायला घ्यावी.